तुम्ही विचारलंत म्हणून: घरी वाचन कसं घ्यायचं?

पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईवडील मला हमखास विचारतात, “बाई, घरी वाचन कसं घ्यायचं?” माझं पहिलं सांगणं असतं, घरी दुसरी शाळा भरवू नका. घराच्या वाट्याला वेगळं काम आहे, आणि ते वर्गात आम्हाला जमण्यासारखं नाही.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं की वाचलेलं समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: अक्षरांवरून शब्द ओळखणं आणि ऐकलेली भाषा कळणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच. धडा घडाघडा वाचणारं मूल ‘गोष्टीत काय झालं?’ म्हटल्यावर गप्प बसतं, ते बहुतेक वेळा दुसरी बाजू कच्ची राहिल्यामुळे. पहिल्या बाजूला, म्हणजे शब्द ओळखण्याला, क्रम लागतो, सराव लागतो. काना-मात्रा, वेलांटी, पुढे जोडाक्षरं. ती जबाबदारी आमची. दुसरी बाजू वाढते गप्पांतून आणि ऐकलेल्या गोष्टींतून. वर्गातल्या प्रत्येक मुलाशी तेवढं बोलायला शिक्षकाला दिवस पुरत नाही.

म्हणून मूल स्वतः वाचायला लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. पुष्कळ घरांत ते नेमकं तेव्हाच थांबतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. या वयाच्या मुलाला स्वतः वाचता येतं त्याहून कितीतरी अवघड गोष्ट ऐकून कळते. ऐकणं बंद झालं की त्याच्या वाट्याला फक्त तीन-तीन शब्दांची वाक्यं उरतात. तुम्हाला स्वतःला वाचायला अडचण असेल, तर चित्रांवर बोला, गोष्ट तोंडी सांगा. भाषा त्यातूनही मिळते.

मूल वाचत असताना तुम्ही काय करायचं? शिक्षणाचे अभ्यासक कीथ टॉपिंग यांनी ज्या पद्धतीचा खूप प्रसार केला, ती जोडीनं वाचायची पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते. पुस्तक मुलानं निवडायचं. दोघांनी एकत्र, मोठ्यानं, मुलाच्या वेगानं वाचायचं. एकट्यानं वाचावंसं वाटलं की ते ठरलेली खूण करतं आणि तुम्ही गप्प होता. चुकलं तर चार-पाच सेकंद थांबायचं. त्याचं त्यानं सुधारलं तर उत्तम. नाहीतर शब्द सांगायचा, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचा आणि पुन्हा दोघांनी मिळून पुढे जायचं. ते चार-पाच सेकंद आईवडिलांना फार जड जातात. पण मूल स्वतःची चूक स्वतः पकडायला शिकतं ते तेवढ्याच अवकाशात.

आता आमच्या बाजूचं. ‘वाचनाचा सराव घ्या’ एवढाच शेरा वहीत मारला, तर घरी मुलाला फक्त बोलणी बसतात. शिक्षकांनी नेमकं लिहायला हवं: ऱ्हस्व-दीर्घात गोंधळ होतो, जोडाक्षर आलं की अंदाजानं काहीतरी म्हणतं, खालची ओळ सापडत नाही (ओळीवर बोट ठेवू द्या, त्यात काही वावगं नाही).

तुमच्याकडून आम्हाला हवी ती माहिती वेगळीच असते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं जरा मोठी, सातवी-आठवीतली, आणि उतारा बेसबॉलच्या सामन्याचा. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्या विषयातलं वाचताना मुलाला आधीची माहिती हात देते, आणि ती माहिती कशाची आहे हे घरच्यांनाच ठाऊक असतं. तेव्हा पुढच्या भेटीत ‘अभ्यासात कसा आहे?’ विचारण्याआधी, ते घरी सतत कशाबद्दल बोलतं ते मला सांगा. मुंग्या, ग्रहतारे, गाड्यांची चाकं, काहीही चालेल. त्या विषयावरचं, त्याला झेपेल असं पुस्तक शोधणं माझ्याकडे लागलं.