पत्रावळीखालचा पुठ्ठा

पत्रावळ ही हातात धरून जेवायची वस्तूच नव्हे. तिला खाली जमीन लागते. मांडवात अंथरली, की भात-भाजी-जिलबीचा भार भुई घेते. पान नुसतं मधे असतं. लग्नात उभ्यानं जेवायची रीत आली आणि तो भार डाव्या तळहातावर पडला. मग पळसाच्या पानाखाली पुठ्ठा आला आणि दोघांना चिकटवायला, शिवाय पुठ्ठ्याला ओल लागू नये म्हणून, मधे प्लास्टिकचा पापुद्रा. वरून दिसतो तो पळसच.

हातानं टाचलेल्या पत्रावळीचं सगळं कसब पानाच्या वयात आहे. कोवळं पान वाळताना सुरकुततं, फार जून झालेलं दुमडताच तडकतं. मधल्या वयाची पानं खुडून, चळत लावून, दगडाखाली दाबून सपाट करतात. टाचण्याआधी पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर चोय (बांबूची बारीक काडी) टोचताच पान फाटतं. मोठं पान मधोमध, बाकीची त्याच्याभोवती फिरवत न्यायची, प्रत्येकाची कड शेजारच्या पानावर दोन बोटं तरी चढलेली. चोय किंवा खराट्याचा हीर वर-खाली ओवून टोक तिथंच मोडायचं. उरलेलं टोक जेवणाऱ्याच्या बोटात जातं. कड कमी चढली, तर त्या फटीतून आमटी निघालीच समजा. (भाताचं आळं करून वरण वाढण्यात अर्धी सोय हीच आहे.) टाचलेल्या पत्रावळी ओलसर असतानाच गठ्ठा बांधला, तर आतल्या पानांना बुरशी धरते.

महाराष्ट्रानं २०१८ साली थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे पेले बंद केले. केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासूनची, आणि त्याच महिन्यात राज्यानं प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटल्या-पेल्यांनाही बंदी केली. मात्र हा थर नुसत्या नजरेला सापडत नाही. ताटलीचा तुकडा फाडून अर्धा तास गरम पाण्यात ठेवा आणि बोटांनी चोळा: कागदाचा लगदा होतो, पापुद्रा हातात उरतो. चहाच्या कागदी कपालाही हीच परीक्षा. खरगपूरच्या आयआयटीतल्या अभ्यासात अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण निघाले होते. कप कागदी आहे म्हणून निर्धास्त होणारे आपण!

उभ्यानंच जेवायचं असेल, तर पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) झावळीच्या बुडाचं रुंद आवरण बरं. गळून पडलेलं उचलायचं, घासून धुवायचं, पाण्यात भिजवून मऊ करायचं आणि निथळून तापलेल्या साच्यात दाबायचं. डिंक नाही, थर नाही, आणि ताटली हातात ताठ राहते. खोटही आहे: पावसाळ्यात दमट कोठीत ठेवली, तर काळे ठिपके येतात. जाडीमुळे ती कुजायलाही पळसापेक्षा वेळ घेते. खड्ड्यात टाकण्याआधी तुकडे करावेत.

पळसाची खरकटी पत्रावळ तशीच उकिरड्यावर गेली तरी चालते, चोया तेवढ्या मागाहून कुजतात. पुठ्ठ्याचीही तिथंच गेली, तर शेणखत शेतात पसरताना चकचकीत चकत्या वेचत बसावं लागतं. गोठ्यात तर ती टाकूच नये: उष्ट्याच्या वासानं गाय पापुद्र्यासकट गिळते.