'व्हेअर' तिसऱ्या ओळीत राहिलं

मंगळवारी बाराला दहा कमी असताना आमच्याकडचा पोरगा माझ्या टेबलाशी येऊन नुसताच उभा राहिला. "ताई, सगळ्या पार्ट्यांचं लिमिट पन्नास हजार झालं."

एका मेडिकलवाल्याची उधारीची मर्यादा बदलायची होती. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, त्यानं बरोबर लिहिली होती, तीन ओळींची; कुणाचं बदलायचं ते सांगणारी 'व्हेअर'ची अट तिसऱ्या ओळीत. पण माउसनं वरच्या दोनच ओळी सिलेक्ट करून रन दाबलं. ऑटो-कमिट चालू, म्हणजे रन दाबलं की बदल लगेच पक्का. लॉगमध्ये वेळ 11:42. 4,318 पार्ट्या, सगळ्यांना 50,000.

औषधांच्या होलसेलमध्ये ही वेळ म्हणजे नुसती मारामारी. दुपारची गाडी सांगलीहून सुटायची असते आणि बावीस जण बिलं मारत असतात. लिमिटच्या वरचं बिल सॉफ्टवेअर होऊच देत नाही, त्यामुळे मोठ्या पार्ट्या अडायला लागल्या होत्या. अण्णा केबिनमधूनच ओरडले, "काय करायचं ते करा, बिलिंग थांबता कामा नये."

आधी लिमिटची अडवणूक काढून नुसता इशारा ठेवला. तशी सेटिंग होती हे नशीब.

"रात्रीचा बॅकअप टाकूया का?" पोरगा म्हणाला. टाकला असता तर लिमिटं परत आली असती आणि सकाळपासूनची सगळी बिलं गेली असती. माल गाडीत, बिल कुठेच नाही. चालत्या डेटाबेसवर बॅकअप टाकायचा नसतो रे बाबा. तो शेजारी उभा करायचा आणि हवं तेवढंच उचलून आणायचं.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. रात्री बेस बॅकअप (सगळ्या डेटाबेसची कॉपी) होतो आणि दिवसभर वॉल फायली (झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद), 16 एमबीची एकेक, दुसरीकडे साठत जातात. बेस बॅकअप कोऱ्या मशीनवर उतरवून त्यावर वॉल चालवत नेल्या की मधल्या हव्या त्या क्षणाला थांबता येतं. मला 11:41 हवं होतं. क्लाउडवर मशीन घेतलं, त्यावरचं आर्काइव्हिंग, म्हणजे वॉल साठ्यात पाठवणं, बंद केलं (नाहीतर ही कॉपी प्रमोट झाली, म्हणजे स्वतंत्र डेटाबेस म्हणून चालू झाली, की आपल्या वॉल खऱ्या साठ्यात ढकलायला लागते, एकदा भोगलंय), कुठल्या वेळेला थांबायचं तो रिकव्हरी टार्गेट टाइम लिहिला आणि सुरू केलं.

बॅकअप उतरायला 35 मिनिटं. मग वॉल भराभर चालल्या आणि शेवटी फेटल एरर: ठरवलेली वेळ यायच्या आधीच रिकव्हरी संपली. अरे, 11:41 होऊन तास उलटला की! मग डोक्यात आलं. नवं मशीन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर होतं. मी नुसतं 11:41 लिहिलेलं, म्हणजे त्याच्या लेखी आपले संध्याकाळचे 5:11. पुढे +05:30 लिहायचं राहिलं. व्हेअरवरून पोराला जे सुनवणार होते ते गिळलं. वॉल मागे फिरवता येत नाहीत, त्यामुळे परत बॅकअप उतरवण्यापासून सुरुवात. तरी बरं, एरर आली. पोस्टग्रेसचं तेराच्या आधीचं व्हर्जन असतं तर गुपचूप शेवटपर्यंत जाऊन, चुकीच्या लिमिटांसकट उघडलं असतं.

दुसऱ्यांदा ते 11:41 ला थांबलं, फक्त वाचण्यापुरतं उघडलं. मिरजेच्या मोठ्या पार्टीचं लिमिट बघितलं. चार लाख. हुश्श.

पार्टी कोड आणि लिमिट, दोनच कॉलम काढून लाइव्हवर वेगळ्या टेबलात घेतले. तिथून दोनशे-दोनशेच्या तुकड्यांनी अपडेट. बिल होताना उधारीची बाकी त्याच पार्टीच्या ओळीवर लिहिली जाते. सगळ्या ओळी एका दमात धरल्या असत्या तर काउंटर लटकले असते. वर अट घातली, आत्ता 50,000 असेल तरच बदल. मधल्या वेळात कुणी हातानं लिमिट बदललं असेल तर त्याला धक्का नको. या अटीवर मी फारच खूश होते.

2:20 ला काम संपलं. काउंटरवर कुणाला पत्ताही नाही.

तीनला अकाउंटच्या काकू आल्या. "अगं, जयसिंगपूरवाल्याचं मी बाराला मुद्दाम पन्नास केलं होतं, त्याचे चेक परत आलेत. दोन लाख कसं झालं परत?"

खरे पन्नास आणि खोटे पन्नास माझ्या अटीला सारखेच. ऑडिट लॉगमध्ये 11:42 नंतर हातानं झालेले बदल शोधले, तर असं एकच होतं, काकूंचं. ते परत पन्नास केलं.

मग लक्षात आलं, ज्या मेडिकलवाल्यापायी एवढं रामायण झालं त्याचंही लिमिट जुन्यावर गेलं होतं. ते पोरानंच बदललं, मी मागे उभी होते. रन दाबायच्या आधी त्यानं सिलेक्ट केलेल्या ओळींवर बोट ठेवून मोजल्या. तीन.