साहेब कसा आहे ते सुट्टीच्या अर्जावरून कळतं

फौजेतला साहेब कसा आहे ते त्याच्या टेबलावर सुट्टीचे किती अर्ज पडून आहेत त्यावरून कळतं. सिव्हिलवाल्यांना हसू येईल, येऊ दे. वर्षाची 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, एवढ्यात जवानाला पेरणी, सोयरीक, आईचं ऑपरेशन, भावकीतलं बांधाचं भांडण सगळं बसवायचं असतं, आणि ते सगळं कंपनी कमांडरच्या एका सहीवर अडलेलं असतं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, हवालदार म्हणून पेन्शन आलो. लोकांना वाटतं वाईट साहेब म्हणजे शिव्या देणारा. शिव्यांचं काय घेऊन बसलाय, बेळगावला सेंटरमध्ये उस्तादांनीच एवढ्या दिल्या की पुढे कोणाच्या लागल्याच नाहीत. मला आठवणारा सगळ्यात वाईट साहेब तोंडाने एकदम गोड होता. कोणाला नाही म्हणायचा नाही, "देखेंगे" म्हणायचा. सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, अर्ज घेऊन गेला की देखेंगे, आठवड्याने परत गेला की देखेंगे, आणि वर पोस्टवर एकदा बर्फ पडून रस्ता बंद झाला की मग बघायला काही उरतच नाही. एका पोराच्या बहिणीचं लग्न ह्या देखेंगेमध्ये होऊन गेलं. सरळ नाही म्हणाला असता तर त्याने घरी तारीख तरी पुढे ढकलायला सांगितली असती की.

तोच साहेब, ब्रिगेड कमांडरची व्हिजिट आहे म्हटल्यावर रात्र रात्र झोपायचा नाही आणि आम्हालाही झोपू द्यायचा नाही. दगडांना गेरू, झाडांना चुना, ज्या बॅरेकचं छत गळतंय तिची पुढची भिंत पांढरीशुभ्र. पण ते सगळ्याच युनिटात चालतं, त्याचा राग नाही.

राग आहे तो गाडीच्या भानगडीचा. ऑफिसर्स मेसच्या पार्टीचं सामान आणायला ह्याने रात्री, पावसात, वन टन गाडी खाली पाठवली. एमटी हवालदार, म्हणजे गाड्या बघणारा, म्हणाला रस्ता खचलाय, नायब सुभेदार साहेबांनीही सांगून बघितलं. गाडी नाल्यात गेली, जीव कोणाचा गेला नाही पण ड्रायव्हरचा पाय मोडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली तेव्हा आमचे हे साहेब शांतपणे म्हणाले की मी असा हुकूम दिलाच नव्हता. हुकूम तोंडी, रजिस्टरवर सही नायब सुभेदारांची. त्यांची सुभेदारी तोंडावर आली होती, ती गेली.

आणि त्यानंतर कंपनीचं जे झालं ते बाहेरच्याला दिसणार नाही. कोणी उलट बोललं नाही, सॅल्यूट तसाच कडक. फक्त प्रत्येक जण हुकूम आला की दोन माणसांना साक्षीला ठेवून वहीत वेळ टाकून लिहून ठेवायला लागला. दहा मिनिटांचं काम तासावर जायचं. गस्तीवर जाताना पुढचा माणूस वळून मागे बघतोय की साहेब नक्की काय म्हणाला, अशी कंपनी काय लढणार?

1962 ला चीनच्या लढाईत नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलमध्ये, हेच फार मोठ्या मापात झालं. चौथ्या कोअरचे कमांडर लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल ऑक्टोबरमध्ये आजारी पडून दिल्लीला गेले आणि घरच्या पलंगावरून कोअर चालवायला लागले. इकडे नाम्का चू नदीकाठी सुती कपडे न् कॅनव्हासचे बूट घातलेली पोरं. सातव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी वर सांगत होते की ही जागा लढायची नाही, पण वरच्याला त्याच्या वरच्याची भीती. 20 ऑक्टोबरला हल्ला झाला, ब्रिगेड मोडली, दळवी चिन्यांच्या कैदेत गेले. नंतर कौलांच्या जागी माणेकशा आले, आणि आल्या आल्या त्यांनी काय सांगितलं ते फौजेत अजून सांगतात, लेखी हुकमाशिवाय माघार नाही, आणि तो लेखी हुकूम निघणार नाही. म्हणजे जे काय होईल ते माझ्या नावावर. जवानाला दुसरं काय पाहिजे असतं.

चांगल्यातला एक सांगतो. कॅप्टन, वय आमच्यापेक्षा कमी, आणि कडक म्हणजे कडक. बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या धावण्याबिवण्याच्या परीक्षेत, कोण पाच सेकंद मागे राहिला की परत पळवायचा, पण स्वतः पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, लावून पुढे. एकदा पावसातला रूट मार्च संपला, सगळे बूट काढून ओळीने बसलेलो, आणि हा दातात टॉर्च धरून, चिखलात गुडघे टेकून, एकेकाचा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्यात बघतोय, फोड असला की मागे नर्सिंग असिस्टंटला खूण. माझ्यापाशी आला तेव्हा म्हटलं साहेब राहू द्या, वास मारतोय. टॉर्च काढून म्हणाला, "तुम्हारा पैर सरकारी माल है, चुप बैठो." सुट्टीचा अर्ज सकाळी गेला की संध्याकाळी उत्तर, नाही असेल तर नाही, पण मग कधी मिळेल ती तारीख सोबत. सुभेदार साहेबांना "साहब" म्हणतात ते सगळेच ऑफिसर म्हणतात, रिवाजच आहे, हा म्हणायचा आणि वर त्यांचं ऐकायचाही.

आमच्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, 41 राष्ट्रीय रायफल्सचे सीओ, म्हणजे युनिटचे मुख्य साहेब, 17 नोव्हेंबर 2015 ला काश्मीरात कुपवाड्याला अतिरेक्यांशी लढताना गेले. कॅन्टीनच्या लाइनीत अजून वाद होतो की सीओने एवढं पुढे जावं का. माझं मत विचाराल तर सीओ गेला की युनिटचं फार मोठं नुकसान होतं, हिशेबाने जाऊ नये. पण त्या युनिटच्या पोरांपुढे हा हिशेब मांडायची माझी हिंमत नाही. त्यांच्या पत्नी स्वातीताई 2017 मध्ये चेन्नईहून ट्रेनिंग पूर्ण करून लेफ्टनंट झाल्या.

बंगल्यावरची सहायकाची ड्युटी, कुत्रं फिरवणं वगैरे, त्यावर खूप लिहिलं जातं. खरं आहे, पण सगळीकडे नाही, आणि कुत्र्यापेक्षा जवानाला देखेंगे जास्त टोचतं.

सीओ बदली होऊन निघाला की त्याची जीप दोरी लावून ओढायचा रिवाज आहे. आवडत्या सीओच्या वेळी सुट्टीवर निघालेली माणसं थांबून दोरीला हात लावतात. एका नावडत्याचीही ओढली, कारण डिटेलमध्ये, म्हणजे ड्युटीच्या यादीत, नावं लागली होती. जीप दोन्ही वेळा गेटपर्यंत गेली. फोटोत फरक कळत नाही.

आता 2022 पासून अग्निवीर आलेत, 4 वर्षं, आणि त्यातले 25 टक्के पर्यंत कायम होणार. आमच्या वेळी साहेबाच्या हातात सुट्टी होती, आता पोराचं पुढचं सगळं आयुष्यच युनिटमधल्या मूल्यमापनावर बरंचसं अवलंबून. गावातली दोन पोरं आहेत सध्या, फोनवर विचारलं साहेब कसे आहेत, तर दोघंही म्हणतात एकदम चांगले. मी पण सर्व्हिसमध्ये असताना फोनवर हेच सांगायचो.