आखूड रेघ

मंगळवार, रात्री दहा.

थोरली दिवाळीपासून मागे लागली होती, “आई, तू गणित शिकवतेस, तू हा चित्रपट पाहायलाच हवा.” रविवारी रात्री तो अखेर पाहिला. ‘स्टँड अँड डिलिव्हर’, १९८८ सालचा. चित्रपट पाहून मला हुरूप यावा अशी तिची इच्छा असणार. मला मात्र तेव्हापासून गेल्या गुरुवारचा प्रसंग आठवतो आहे. झोपताना आठवतो, भाकरी थापताना आठवतो, आणि आज हजेरी घेताना एका मुलाच्या नावापाशी आवाज अडला तेव्हाही तोच आठवला.

चित्रपट खऱ्या घटनेवर आधारलेला आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला असलेली गारफील्ड हायस्कूल ही शाळा, जिथे बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतली आहेत. मारामाऱ्या रोजच्या, शिकवणाऱ्यांनीही आशा सोडलेली. मूळचे बोलिव्हियाचे असलेले हायमे एस्कलांते हे शिक्षक १९७४ साली तिथे रुजू झाले. चित्रपटात ते संगणक शिकवायला येतात आणि शाळेत संगणकच नसतात. (आपल्या संगणक कक्षाविषयी लिहायला बसले तर वही पुरणार नाही, म्हणून ते राहू देते.) ऋण संख्या समजावताना ते मुलाला वाळूत खणलेल्या खड्ड्याचे उदाहरण देतात आणि तो बुजवायला सांगतात, ते दृश्य मी दोनदा मागे नेऊन पाहिले. शून्याची कल्पना तुमच्याच माया संस्कृतीतल्या पूर्वजांनी केली, असे ते त्या मुलांना ठासून सांगतात. मीही दरवर्षी दहावीच्या पहिल्या तासाला शून्य आपले आहे असे सांगते, पण ‘आपले’ म्हणताना माझी नजर वर्गातल्या कोणत्या बाकांकडे असते, हे मी आजवर कधी पाहिले नव्हते.

१९८२ साली त्या शाळेतील अठरा मुलांनी महाविद्यालयीन पातळीच्या कलनाची (कॅल्क्युलसची) परीक्षा दिली आणि सगळी उत्तीर्ण झाली. त्यांच्यापैकी चौदा जणांच्या उत्तरपत्रिकांमध्ये सारख्या चुका आढळल्या म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने संशय घेतला. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. ही मुले दुसऱ्या शाळेतली असती, त्यांची आडनावे निराळी असती तर कोणी विचारायला आले असते का, हा एस्कलांते यांचा सवाल आहे. थोरलीने माझ्यासाठी बहुधा हेच शिक्षक निवडले होते. मला मात्र चित्रपटात त्या संस्थेकडून चौकशीला आलेल्या दोन गृहस्थांच्या खुर्चीत मी स्वतः दिसले.

गुरुवारी बीजगणिताच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतल्या, त्या मुलाला चाळीसपैकी एकतीस गुण मिळत होते. पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी चार. त्यानंतर कापूस वेचायला आईबरोबर गेला तो दीड महिना शाळेत दिसला नव्हता. वर्गसमीकरणाच्या उदाहरणात उत्तर पाच आणि एक यायला हवे होते; त्याने आठ आणि चार लिहिले होते. थोड्या वेळापूर्वी तपासलेल्या, त्याच वर्गातल्या एका मुलीच्या पेपरातही आठ आणि चारच होते. मी दोन्ही पेपर शेजारी ठेवले, पायऱ्या बोट ठेवून पाहिल्या आणि शिपायाकरवी त्याला बोलावून घेतले. स्टाफरूममध्ये तिघे-चौघे बसलेले असताना विचारले, “कोणाचं पाहून लिहिलंस?”

तो दारातच उभा होता. पायांत चपला नव्हत्या, त्या बाहेर काढून आला होता. म्हणाला, “म्या कोनाचंच नाई पाह्यलं मॅडम. पाह्यजे तं पुन्यांदा सोडवून दाखोतो.” मी म्हटले, “बरं, जा.” सोडवून दाखव असेही म्हटले नाही. त्या परक्या शहरातल्या मुलांना निदान दुसरी परीक्षा तरी मिळाली.

प्रश्न विचारणे चूक होते असे मला अजूनही वाटत नाही. बोर्डाच्या परीक्षेत खिडक्यांपाशी काय चालते, भरारी पथक येणार म्हटले की काय धावपळ होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. संशय घेणे हा आमच्या कामाचाच भाग होऊन बसला आहे. पण चूक दोन पेपरांत होती आणि मी बोलावले एकालाच. तिला का बोलावले नाही, याचे उत्तर मी दोन रात्री शोधते आहे आणि प्रत्येक वेळी वेगळे कारण पुढे करते आहे. तिचे गुण नेहमीच चांगले असतात. तिचा पेपर आधी तपासला होता. ती त्या वेळी प्रयोगशाळेत होती. ही सगळी कारणे खरी आहेत, आणि तरीही मी त्याला बोलावले ते तो बेड्यावरचा आहे म्हणून. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पारध्यांवरचा तो शिक्का कागदावरून पुसला गेला, हे मीच ऑगस्टमध्ये परिपाठात मुलांना सांगितले होते. कागदावरून पुसलेले माझ्या जिभेवर कुठून आले?

चित्रपटातल्या त्या दोन चौकशी अधिकाऱ्यांपैकी एकाचे आडनाव रामिरेझ आहे. तो त्या मुलांच्याच समाजातला. मीही सालदाराची मुलगी. दहावीला मला गणितात पंच्याऐंशी गुण पडले तेव्हा मालकांच्या ओसरीवर कोणीतरी बोलले होते की त्या केंद्रावर गाइडे फिरत होती. बाबा ते ऐकून घरी आले आणि जेवले नाहीत. हे सगळे माझ्या आठवणीत असताना मी ते वाक्य बोलले, हे मला सहन होत नाही.

रविवारी रात्री मला स्वतःचीच फार कीव आली, हेही लिहून ठेवते. तीन तुकड्यांचे गणित, त्यात विज्ञानाचे तास, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे. फळ्याला रंग द्या म्हणून दोन वर्षे अर्ज करते आहे. एवढ्या सगळ्यात एक वाक्य तोंडून गेले तर माझेच मन मला का खाते, असे वाटून रडूही आले. वेतनाचे तर आज लिहीतच नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत गठ्ठा पुन्हा सोडला. आणखी तीन पेपरांत आठ आणि चार होते. त्या तिन्हींवर मी लाल रेघ मारून पुढे गेले होते, थांबले नव्हते. मग पहिल्या बाकावरच्या मुलींच्या वह्या मागवल्या. सूत्र सगळ्यांनी लिहिले होते, पण भागाकाराची आडवी रेघ फक्त वर्गमुळाच्या खाली होती. ‘वजा बी’ही रेघेच्या वर हवा, तो बाहेर राहिला होता. असे लिहिले की दोन एने फक्त वर्गमूळ भागले जाते आणि पाच-एकाचे आठ-चार होतात.

वर्गात जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. मधोमध वीतभर जागेचा रंग उडालेला आहे, तिथे खडू घसरतो, उमटत नाही. सूत्र लिहिताना मी ती जागा टाळून रेघ पुढून सुरू करते, किती वर्षांपासून कोण जाणे. तोंडाने मात्र “सगळ्याला दोन एने भागा” असे सांगत असते. ज्यांनी ऐकले आणि लक्षात ठेवले त्यांचे निभावले. तो त्या दिवशी वर्गात नव्हता. कापूस संपल्यावर परत आला तेव्हा त्याने तिची वही नेऊन सगळे प्रकरण उतरवून काढले होते, हे मला तिनेच सांगितले. दीड महिन्याचा अभ्यास त्याने वहीवरून एकट्याने केला होता, आणि त्या वहीतली चूक माझ्या हातची होती.

आज तासाला मी फळ्याच्या उजव्या, चांगल्या भागावर सूत्र लिहिले, रेघ पट्टी लावून ओढली आणि मुलांना सांगितले की आधीची रेघ माझ्याकडून चुकली होती, पाचही पेपरांत त्या पायरीचे गुण वाढवते आहे. मुलांनी वह्या उघडल्या. तो शेवटच्या बाकावर मान खाली घालून, पट्टी धरून, आखूड रेघ डावीकडे वाढवत होता. पेन्सिल बोथट होती, म्हणून त्याच रेघेवरून त्याने तीनदा हात फिरवला.

त्या प्रश्नाविषयी मी वर्गात काही बोलले नाही. पुन्हा सगळ्यांदेखत त्याला उभे केल्यासारखे होईल असे वाटले. हे कारण खरे आहे की पुन्हा एक सबब, याचा निवाडा आज माझ्याच्याने होत नाही. होईल तेव्हा होईल. एवढे मात्र ठरवले आहे की जे म्हणायचे ते स्टाफरूममध्ये, त्याच तिघा-चौघांसमोर म्हणायचे, कारण गेलेले वाक्य तिथेच गेले होते.

तास संपल्यावर तो पेपर घेऊन टेबलापाशी आला. वाढवलेल्या गुणांवर मी सही केली. एकतीसचे तेहतीस झाले. पेपर घडी करताना त्याने हळूच विचारले, “मॅडम, तिचेबी वाढले ना?”

मी हो म्हटले. तिच्या पेपरातही तीच चूक आहे हे त्याला गुरुवारीच ठाऊक होते काय, ते मला विचारता आले नाही.