आडवं पुसायचं

एप्रिलातली दुपार. सोलापुरात या दिवसांत बारा ते चार माणसानं काही करायचं नसतं, आणि मी ते मनापासून करत बसलो होतो. चष्म्यावर घामाचा डाग पडला म्हणून बनियनच्या टोकानं पुसायला घेतला, तर बायको म्हणाली, "हे काय एकाच रेषेत पुसताय? गोल फिरवा की."

मी गोल फिरवत नाही. वरखालीही करत नाही. डावीकडून उजवीकडं, हलक्या हातानं, आडवं. मोबाइल, स्कूटरचा आरसा, भिंतीवरच्या फोटोंच्या काचा, सगळं आडवंच. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि हिला ते आज दिसलं.

ही खोड व्हीसीआरची, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ कॅसेट बघायच्या मशीनची.

साखर पेठेत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि खाली मालकांचे टॉवेलचे माग. खटखटीचा त्रास कधी झाला नाही. माग थांबले की मात्र झोप मोडायची. कापसाची बारीक लव जिन्यावरून वर यायची आणि आमटीवर, पापण्यांवर, देवांच्या टाकांवर बसायची. अशा घरात १९८८ साली काकांनी आखातातून नॅशनलचा जी-टेन व्हीसीआर आणला. आत धूळ जाऊ नये म्हणून आज्जीनं त्यावर टॉवेल घातला. खालच्याच मागावरचा, नवा कोरा. लव येऊ नये म्हणून लवेचंच पांघरूण! आमच्या घरात बंदोबस्त नेहमी असाच असायचा.

महिना-दीड महिन्यात पडद्यावर मुंग्या. आवाज ठणठणीत, चित्र गायब. आधी ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, मग कॅसेट काढून गुडघ्यावर आपटायची, मग मशीनला दोन थापा. एवढं झालं की मी सायकल काढून रेडिओवाल्या मामांना बोलवायला जायचो. ते कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी पेठ त्यांना मामाच म्हणायची.

मामा झाकण काढायचे तेव्हा घरातले सगळे गप्प. बॅटरी धरायचा मान माझा. आत मुठीएवढा चकचकीत ड्रम, डोक्यावर टोपी तिरकी ठेवावी तसा जरा कललेला. त्याच्या कडेला समोरासमोर टेपवरचं चित्र वाचणारी दोन हेडं, तिळाएवढीही नाहीत. आणि ड्रमबाहेर आलेली किती? केसाच्या जाडीपेक्षाही कमी. अर्ध्या इंचाची टेप समोरून सेकंदाला २.३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे मुंगीच्या चालीनं, आणि ड्रम तेवढ्यात पंचवीस गिरक्या घेतो. चित्राचा सगळा खेळ या गिरक्यांवर. हे मामांनी सांगितलेलं नाही, मी पुढं वाचलं. मामा एवढंच सांगायचे, "हेड म्हणजे डोळा. डोळ्यात बोट घालतो का आपण?"

एकदा मी मदत म्हणून कान कोरायची कापसाची काडी पुढं केली.

"काय करालास बे? कापसाचा धागा अडकला की हेड तुटलं. हेड गेलं म्हणजे मशीन निम्मं गेलं."

मग खिशातून दोन रुपयांची कोरी नोट निघायची. तिच्या घडीला स्पिरिटचे दोन थेंब. नोट ड्रमला नुसती टेकवून धरायची, अजिबात हलवायची नाही, आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रमच वरून हळूहळू फिरवायचा. "आडवं पुसायचं. उभं पुसलं की गेलं." हेडं ठिसूळ, आडवा घासा सोसतात, खालून-वरून लागलेला धक्का सोसत नाहीत. नोटेवर तपकिरी रेघ उमटायची. ती बघून मामांचा चेहरा दाताच्या डॉक्टरसारखा व्हायचा.

गंमत म्हणजे आपल्या नोटेचा कागदही कापसाचाच. खालून आलेला कापूस मामा खिशातल्या कापसानं पुसून काढत होते आणि मला मात्र कापसाची काडी आणली म्हणून शिव्या. पण हे त्यांना सांगायला आता उशीर झाला. मामा नाहीत, त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. तिकडं जपानातही शेवटच्या कंपनीनं २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनवणं थांबवलं.

तर आज्जी. तिला सिनेमाचं सोयरसुतक नव्हतं. तिची कॅसेट एकच, धाकट्या आत्याच्या लग्नाची. त्यात आजोबा होते. व्हीसीआर येण्याआधी वर्षभर ते गेले. अक्षता पडून गेल्यावर शूटिंगवाल्यानं दिवा त्यांच्या तोंडावर मारलाय, आणि ते फेटा सावरत, डोळे बारीक करून, वैतागून कॅमेऱ्याकडं बघतायत. इथं आज्जी म्हणायची, "थांबव."

मी पॉज दाबायचो. आजोबा जरा थरथरत, कमरेवर एक पांढरा पट्टा घेऊन उभे राहायचे. आज्जी शेंगा सोलत बसायची. बघायची, सोलायची, बोलायची काही नाही. पाचेक मिनिटांनी मशीन आपोआप खटकन बंद व्हायचं. "निघाले," आज्जी टरफलं गोळा करत म्हणायची.

मशीन आपोआप का बंद होतं, तेही पुढंच वाचलं. पॉजमध्ये टेप उभी असते, हेडं फिरतच असतात. सेकंदाला पंचवीस गिरक्या, दोन हेडं, पाच मिनिटं: एकाच जागेवर पंधरा हजार घासे. टेपवरचा थर झिजतो आणि हेडाला जाऊन चिकटतो. दुपारी रोज. आमच्या कॅसेटमध्ये त्या जागेवर मुंग्या यायला लागल्या त्या हेड कितीही पुसलं तरी गेल्या नाहीत. पुढं-मागं सगळं लग्न स्वच्छ, जेवणावळीतली जिलेबीसुद्धा.

"हे टेपमध्येच आहे, हेडात नाही," मामा म्हणाले. त्यांनी नोट झटकून माझ्या हातात दिली. "जा, दोन चहा सांगून ये."

हॉटेलवाल्यानं नोट उजेडात धरली, ती रेघ नखानं खरवडून बघितली. "काय लागलंय बे हे?"

"काय नाही," म्हटलं. त्यानं ती गल्ल्यात टाकली.