कणकुंबीहून मागं का फिरता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. बेळगावहून कणकुंबीपर्यंत येता, माऊलीच्या देवळापाशी थांबता आणि तिथूनच सायकल मागं का वळवता? एवढा रस्ता तुडवून झाला, आता गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट ओलांडला की पुढं उतारच आहे की! रविवारच्या ग्रुपमधल्या प्रत्येक नव्या माणसानं हे मला कधी ना कधी विचारलंय. जुन्यांनी विचारायचं सोडलं, पण उत्तरं त्यांनी आपापली ठरवून टाकलीत. वय झालं, गुडघे गेले, घरून परवानगी नाही. यातलं एकही खरं नाही.

आधी माझी बाजू. दर नोव्हेंबरात मी सायकलनं वेंगुर्ल्याला जातो. हिंडलगा, बाची, शिनोळी करत आंबोली गाठतो, घाट उतरून दाणोलीत चहा घेतो आणि दोन दिवसांनी तोच घाट चढून घरी येतो. मोलेहून अनमोड चढलोय. तिलारीच्या त्या वळणांवर भरलेल्या गाड्यासुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हतात, तिथून काही ठिकाणी सायकल हातात धरून का होईना, वर आलोय. चोर्लासुद्धा गोव्यातल्या केरीकडून दोनदा चढलोय. खाली जाताना सायकल टेम्पोत टाकली होती. तेव्हा भितो म्हणणाऱ्यांनी कृपा करून एवढं लक्षात घ्यावं.

आणि कणकुंबीपर्यंतचा रस्ता मला अर्धवट वाटत नाही. पिरनवाडी मागं पडली की वाहनं कमी होतात. किणयेच्या आसपास जुलैत भाताची लावण चाललेली असते, प्लास्टिकच्या खोळी पांघरून बायका चिखलात ओणव्या असतात. कुसमळीला मलप्रभेचा पूल येतो, जांबोटीत पहिला चहा, आणि तिथून झाडी दाट होत जाते. कणकुंबीला त्याच मलप्रभेचा उगम आहे. ते पाणी तिनेकशे किलोमीटर पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. त्याच गावच्या शिवारातला कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडं उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. एका गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. तिथं पोचल्यावर मला आणखी कुठं जायचं राहिलंय असं वाटत नाही. गेली काही वर्षं हेच उत्तर मी सगळ्यांना देत आलो. उत्तर खोटं नाही, पण पुरं नाही.

पुरं उत्तर ऑगस्ट २०१६ मधल्या एका रविवारचं आहे.

आमच्या गल्लीतला एक मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. मला काका म्हणायचा. सायकलचा नाद त्याला मीच लावला, सायकलही माझ्या शब्दावर घेतलेली. त्या दिवशी आम्ही दोघंच साडेपाचला निघालो. केरीपर्यंत उतरायचं, साखळीत खायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत, असा बेत. जांबोटीपर्यंत नुसती भुरभुर होती. कणकुंबीत पावसानं जोर धरला. देवळाच्या आडोशाला उभे असताना तो म्हणाला, "काका, मागचा ब्रेक जरा सैल लागतोय. लिव्हर पार हँडलला टेकालीय."

मी हात लावून पाहिला. टेकत होता. केबल ओढून पक्की करायला पाच मिनिटं लागली असती. त्यासाठी लागणारा पाना, ॲलन की, माझ्याच सीटखालच्या पिशवीत होती. पण हात गारठले होते, पिशवीची चेन चिखलानं अडकली होती, आणि मला पाऊस आणखी वाढायच्या आत खाली पोचायचं होतं. मी म्हणालो, "केरीत बघू. पुढं उतारच आहे की."

हे वाक्य माझं आहे. तुम्ही प्रत्येक जण ते मला ऐकवता, ते तुम्हाला माहीत नसतं म्हणून. मी रागावतो, तुटक बोलतो, ते यासाठी.

पावसात रिमवर पाण्याचा थर असतो. ब्रेक दाबला की चाकाचे पहिले दोन-तीन फेरे रबर नुसतं पाणी पुसत राहतं, मग धरतं. धरतं तेही झटक्यात. मागचा ब्रेक कामाचा नसेल तर माणूस नकळत सगळा भार पुढच्यावर टाकतो. सरळ रस्त्यावर एक वेळ निभतं. वळणात, डोंगरावरून वाहून आलेल्या बारीक खडीवर पुढचं चाक अडखळलं की सायकल अंगाखालून निघून जाते. हे सगळं मला त्या दिवशीही ठाऊक होतं. ग्रुपमध्ये मीच ते शिकवत होतो.

मी पुढं होतो. मागून ओरडण्याचा आवाज आला नाही. डांबरावर लोखंड घासत गेल्याचा आवाज आला, आणि मग थांबला. वर चढून परत जायला किती वेळ लागला सांगता येत नाही. तो कठड्याच्या पायथ्याशी गटारात पडला होता. पुढचं चाक अजून फिरत होतं. डावी मांडी मध्येच वाकलेली, जिथं वाकायची जागाच नाही तिथं. तो शुद्धीवर होता. म्हणाला, "काका, सायकल बघा आधी."

गोव्याकडून मासे घेऊन बेळगावला येणारी गाडी थांबली. चालक खाली उतरला, पाय पाहिला आणि एक शब्द न बोलता क्रेट सरकवायला लागला. आम्ही त्याला बर्फाच्या पेट्यांच्या मध्ये आडवा केला. दोन तास त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला तो माझा रेनकोट मुठीत आवळत होता. गाडी वर येत होती म्हणून आम्ही वर आलो. खाली उतरून गोव्यातल्या दवाखान्यात नेलं असतं तर उपचार लवकर सुरू झाले असते का, हा प्रश्न मला त्या वेळी सुचलाच नाही. नंतर मात्र पिच्छा सोडत नाही.

मांडीत रॉड घातला. तो चालायला लागला, पण तो पाय किंचित आखूड राहिला. त्याच्या आईनं मला एका शब्दानं दुखावलं नाही. उलट डबा घेऊन दवाखान्यात गेलो की म्हणायची, "भावजी, तुम्ही होता म्हणून वाचला." मी मान खाली घालून डबा ठेवायचो. ब्रेकचं मी त्यांना सांगितलं नाही. त्यालाही नाही. एकदा सहज विषय काढून पाहिला, तर कणकुंबीतलं बोलणं त्याला आठवतच नव्हतं. आता तो पुण्याला असतो, बायकोमुलांना घेऊन गाडीनं चोर्ल्यातूनच गोव्याला जातो आणि जाताना कधीकधी मला फोन करतो. हे वाचलं तर त्याला पहिल्यांदा कळेल.

तुमच्यातल्या एकानं मागच्या महिन्यात नेमकं बोट ठेवलं. "मग आंबोली कशी उतरता? तिथं काय धोका नाही?" आहे. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या बेळगावात तेराशेच्या आसपास. तिथलं धुकं, दरडी, धबधब्याखाली रस्त्यातच उभी केलेली वाहनं, सगळं मला माहीत आहे. मी नोव्हेंबरात जातो, पावसात नाही, हे एक उत्तर झालं. पण मग नोव्हेंबरात चोर्ला का नाही? रस्ता कोरडा असतो, ब्रेक मी स्वतः तपासलेले असतात. याला माझ्याकडं उत्तर नाही. चूक घाटाची नव्हती एवढं मला कळतं. तरीही देवळापासून पुढं सायकल ढकलली की डाव्या हाताची बोटं लिव्हरवर घट्ट बसतात आणि सुटत नाहीत.

पूर्वीचा मी ग्रुपमध्ये सांगत असे की चढ कुणालाही जमतो, उतरता येतं तोच खरा सायकलवाला. तुमच्यातले काही जण ते अजून म्हणतात, माझ्याकडूनच ऐकलेलं. तो माणूस आज समोर आला तर त्याच्याशी मी भांडेन. तोही मला म्हणेल की दहा वर्षं एका देवळाजवळून मागं फिरून त्या पोराच्या पायाचं काय भलं झालं? त्याचंही काही चुकत नाही.

तुम्ही खाली जा. मी कुणाला अडवलेलं नाही, अडवणार नाही. फक्त येत्या रविवारी देवळापाशी दहा मिनिटं थांबा. प्रत्येकाचे दोन्ही ब्रेक मी दाबून पाहणार, केबल सैल असेल तर तिथंच ओढून देणार. ॲलन की आता पिशवीत ठेवत नाही, खिशात असते.