जुना ऑटोहेल्म, नवा प्लॉटर: जोडणीचा माझा अनुभव

आमच्या बोटीवरचा ऑटोपायलट ऑटोहेल्मचा आहे, म्हणजे ते नाव चालू होतं तेव्हाचा, नंतर ती कंपनी रेथिऑनकडे गेली आणि २००१ पासून रेमरीन झाली. बोट तिघांच्या भागीदारीतली, गेटवे ऑफ इंडियासमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या नांगराला बांधलेली असते, पावसाळा आला की वर काढतो. जुना प्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारा स्क्रीन, बंद पडला म्हणून नवा घेतला, तर नव्याच्या पाठीमागे एनएमईए २००० चं एकच सॉकेट, आणि पायलटला कळतं फक्त सीटॉक नाहीतर एनएमईए ०१८३. ही तिन्ही बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलायच्या पद्धतींची नावं. ज्याला विचारावं तो म्हणायचा पायलट काढा, नवीन बसवा. पण मोटर, बेल्ट, क्लच सगळं ठणठणीत, मांडव्याला जाताना तासभर कोर्स धरून बसतो, असलं यंत्र फक्त वायर जुळत नाही म्हणून भंगारात द्यायला माझं मन तयारच होईना.

मग आधी बसून तिन्ही प्रकार नीट समजून घेतले, आणि हे प्रत्येकाने करावंच असं मला मनापासून वाटतं कारण नंतरचा सगळा त्रास इथेच वाचतो. सीटॉक तीन वायरचं, लाल १२ व्होल्ट, पिवळी डेटा आणि तिसरी ग्राउंड. त्याचा वेग ०१८३ एवढाच, ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), पण प्रत्येक अक्षरामागे एक जास्तीचा बिट असतो आणि सिग्नलही १२ व्होल्टचा, म्हणून ती पिवळी वायर कधीही सरळ ०१८३ च्या पोर्टला लावायची नाही. ०१८३ म्हणजे एक बोलणार बाकीचे ऐकणार, दोन वायर, आणि डेटा साध्या अक्षरात, लॅपटॉपवर ओळी वाचता येतात. एनएमईए २००० हे कॅन बस, २५० किलोबिट, सगळी उपकरणं एकाच केबलवर आणि सगळी एकमेकांशी बोलतात.

रस्ते दोन होते. एक म्हणजे सीटॉकचं सीटॉक-एनजीमध्ये, म्हणजे २००० शी जुळणाऱ्या त्याच्या नव्या प्रकारात, रूपांतर करणारा कन्व्हर्टर, ज्यांच्याकडे खोलीमापक, वाऱ्याचं मीटर वगैरे सगळं जुनं सीटॉकवर आहे त्यांनी डोळे झाकून तोच घ्यावा. आमच्याकडे सीटॉकवर पायलट सोडून काहीच नव्हतं, आणि त्याच्या कंट्रोल हेडच्या मागे ०१८३ इनपुटची दोन टर्मिनल रिकामी पडलेली. म्हणून आम्ही दुसरा घेतला, २००० मधून ०१८३ काढून देणारा गेटवे. सुकाणू कसं फिरवायचं, किती फिरवायचं ते पायलटचं पायलट बघेल, प्लॉटरने त्याला फक्त कुठे जायचंय आणि आपण रेषेपासून किती सरकलोय एवढंच सांगायचं. ही वाटणी डोक्यात पक्की बसली आणि मग काम सोपं वाटायला लागलं.

गेटवेवर पैसे घालायच्या आधी पायलटचं इनपुट जिवंत आहे का ते बघून घेतलं. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा आरएस-४२२ अ‍ॅडॅप्टर आणला, लॅपटॉपवर ओपनसीपीएन हे प्लॉटरसारखं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट आहे), त्यात एक रूट चालू करून ४८०० ला आउटपुट दिलं. पहिल्यांदा पायलट ढिम्म. दोन वायर उलट केल्या आणि लगेच स्क्रीनवर बेअरिंग, म्हणजे जायची दिशा, आलं. कोणी प्लस-मायनस लिहितं, कोणी ए-बी लिहितं, आणि ए म्हणजे प्लसच असं सगळीकडे नसतं, त्यामुळे उलट करून बघायचंच, त्याने काही जळत नाही. पण मायनस दिसली म्हणून ती बॅटरीच्या मायनसला नेऊन बांधायची नाही, डेटाची जोडी वेगळीच ठेवायची.

मग २००० ची केबल टाकली. मुख्य केबल, तिला टी, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर. टीपासून उपकरणापर्यंतची फांदी ६ मीटरपेक्षा लांब न्यायची नाही. पॉवर बंद ठेवून पांढऱ्या आणि निळ्या वायरमध्ये मीटर लावला की साधारण ६० ओहम यायला हवेत, आमच्याकडे १२० आले, म्हणजे एका टोकाचा टर्मिनेटर लागलेलाच नाही. काढून बघितलं तर नव्याकोऱ्या टर्मिनेटरची एक पिन वाकलेली. हा मीटर लावायला मिनिटभर लागतं, आणि नाही लावला तर प्लॉटर कधी दिसतो कधी दिसत नाही असलं भूत मागे लागतं.

पॉवरबद्दल जास्त लिहितो, कारण मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत निम्मे प्रॉब्लेम तिथलेच असतात. पायलटची मोटर जोर लावते तेव्हा करंट एकदम खेचते, प्लॉटर त्याच वायरवर असेल तर व्होल्टेज पडून तो रीस्टार्ट होतो, तेही नेमका वारा वाढलेला असताना. म्हणून पायलटला स्वतंत्र जाड वायर आणि फ्यूज, २००० च्या केबलला स्वतंत्र फ्यूज. वायर कल्हईवालीच घेतली, साधं तांबं एका पावसाळ्यात आतून हिरवं पडतं. जुन्या जोडण्या सगळ्या कापल्या, नव्यांवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक चढवली.

कंपासचं वेगळंच. फ्लक्सगेटच्या, म्हणजे पायलटच्या इलेक्ट्रॉनिक कंपासच्या, शेजारच्या लॉकरमध्ये आधीपासून एक स्पीकर होता, त्याचं मॅग्नेट, तो हलवला. मग भरती थांबल्यावर, लाँचच्या वाटेपासून आणि मोठ्या जहाजांपासून लांब जाऊन डेव्हिएशनच्या, म्हणजे बोटीवरच्या लोखंडामुळे कंपासात येणारी चूक काढायच्या, गोल फेऱ्या घेतल्या, अगदी सावकाश, दोन नॉटच्या आत, एक फेरी दोन मिनिटांपेक्षा लवकर पूर्ण करायची नाही.

ट्रायलला कुलाबा कोळीवाड्यातले मामा होते, सगळं आयुष्य याच पाण्यात गेलेलं. कोर्स धरून पायलट चालला होता, ते बघत बघत म्हणाले, "बोटीचं तोंड सरळ आहे रे, पण ओहोटी बाजूला नेतेय, हे त्याला कळतं का?" नेमका प्रश्न. ऑटोमध्ये नाही कळत, तिथे तो फक्त कंपासचा आकडा धरतो, बोट आडवी सरकत राहते. ट्रॅकमध्ये कळतं, कारण प्लॉटर रेषेपासूनचं अंतर पाठवत असतो आणि पायलट तेवढं तोंड पाण्यावर चढवून धरतो. म्हटलं मामा, आता बघा, आणि ट्रॅक दाबलं, तर नो डेटा! वायर तपासायच्या आधी प्लॉटर बघितला. त्यावर गो-टू (या पॉइंटकडे जायचंय हा आदेश) चालूच नव्हतं, आणि गो-टू किंवा रूट चालू असल्याशिवाय प्लॉटर ती माहिती केबलवर पाठवतच नाही, मग गेटवे एपीबीची, म्हणजे पायलटला लागणारी ०१८३ ची ओळ बनवणार कुठून. मांडव्याच्या अलीकडचा पॉइंट निवडून गो-टू दिलं, पायलटने ट्रॅक घेतला, बोटीचं तोंड हळूहळू ओहोटीच्या विरुद्ध अंगाला वळलं आणि प्लॉटरवरची आमची खूण रेषेवर येऊन थांबली. मामांनी नुसती मान हलवली, मला फार बरं वाटलं.

दोन गोष्टी सेटिंगमध्ये नक्की बघा. प्लॉटर, गेटवे, पायलट तिन्हीकडे बेअरिंग मॅग्नेटिक ठेवा. मुंबईत खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ट्रू-मॅग्नेटिकचा घोळ इथे दिसतच नाही आणि बोट लांबच्या समुद्रात नेली की उघडा पडतो. दुसरं, वेपॉइंट, म्हणजे रूटवरचा ठरवलेला पॉइंट, आला की हा पायलट आपोआप वळत नाही, बीप करतो आणि बटण दाबायची वाट बघतो. काहींना ते जुनाट वाटतं. मला ते हवंच आहे, कारण वळायच्या आधी माणसाने मान वर करून बघितलं पाहिजे, समोर जाळी असतात, बार्ज असतात, कंटेनर जहाजं चॅनलमधून येत असतात, आणि नजर ठेवायची जबाबदारी समुद्राच्या नियमांप्रमाणे माणसाचीच, पायलटची नाही. गेटवे ऑफ इंडियाच्या आसपासच्या गर्दीत आम्ही ट्रॅक लावतच नाही, तिथे सुकाणू हातात.

आता एआयएस, म्हणजे आसपासची जहाजं प्लॉटरवर दाखवणारं यंत्र, बसवायचंय. त्याचं ०१८३ आउटपुट ३८४०० बॉडचं, ते पायलटच्या ४८०० च्या जोडीवर चालणार नाही, म्हणून २००० वालाच घेणार आणि एक टी वाढवून सरळ मुख्य केबलवर टाकणार. वायरिंगचा कागद लॅमिनेट करून चार्ट टेबलच्या झाकणाला आतून चिकटवलाय, वायरच्या दोन्ही टोकांना नंबर घातलेत, बाकी दोघा भागीदारांना मी नसताना काही उघडायची वेळ आली तर तेवढं पुरेल.